समुद्र पसंत आहे

कुंदाताई सुर्वे बाजाराला निघाल्या की आमच्या आळीतली माणसं आपापली जागा सोडून थोडी डावीकडे सरकायची. न सांगता. सांगायची वेळ आणली तर भर रस्त्यात व्याख्यान ऐकावं लागे, त्यापेक्षा सरकलेलं बरं, हे सगळ्यांना अनुभवानं कळलेलं होतं. दूधवाला सायकल भिंतीच्या मधोमध टेकवत नसे. वाण्यानं तराजू टेबलाच्या कडेला नेला होता. समोरचे पेन्शनर खोतआजोबा अंगणाच्या बरोब्बर मध्यावर आरामखुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे, तेसुद्धा कुंदाताईंच्या चपलांचा फटफट आवाज आला की खुर्चीसकट उठून तुळशीपाशी जायचे.

कुंदाताईंच्या हातात एक चौकट असे. माडाच्या हिरांची, म्हणजे ज्यांचा आपण खराटा करतो त्या काड्यांची. पोस्टकार्डाएवढी. तिला उभे दोन आणि आडवे दोन दोरे ताणून बांधलेले. एक डोळा मिटून आणि दुसऱ्या डोळ्यासमोर ती चौकट धरून त्या रस्त्यानं चालायच्या, मधेच थांबायच्या आणि चौकटीत जो सापडेल त्याच्यावर ओरडायच्या.

"मधे उभा राहू नको रे! मधे फक्त देव आणि ढ माणसं उभी राहतात!"

मूळ वाक्य 'मधे फक्त ढ माणसं उभी राहतात' एवढंच होतं. त्यात देव कसा आला ते सांगते, पण जरा दमानं.

कुंदाताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मलाही त्यांनीच शिकवला. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की मॉन्सून कुठून येतो हे त्यांनी वर्गात सांगितलं की रस्त्यावरचा माणूस आकाशाकडे बघायचा. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे कंबरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा. त्या गडग्यावरून वाटीतून सांडगे इकडे यायचे आणि आमच्याकडची सोलकढी तिकडे जायची. रिटायर व्हायला थोडी वर्षं राहिली होती आणि तोपर्यंत त्यांच्यात आवाजाखेरीज वेगळं असं काही नव्हतं.

मग रझिया आली. रझिया त्यांची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन कुवेतला गेलेली. त्या काळात आमच्याकडे बंदरावरचा अर्धा मिरकरवाडा आखातात होता, आणि तिकडून सुट्टीवर येणारं माणूस अत्तर, टॉर्च नाहीतर टेपरेकॉर्डर आणायचं. रझियानं बाईंसाठी जपानी कॅमेरा आणला.

"बाई, तुम्ही आम्हाला सगळं जग नकाशात दाखवलंत," ती म्हणाली. "आता तुम्ही काढा."

"काय काढू गो?"

"जग."

कुंदाताईंनी हे वाक्य फारच मनावर घेतलं. पहिला अख्खा रोल त्यांनी जगाचाच काढला. त्यात निम्मं जग तिरकं होतं, उरलेल्या निम्म्यावर त्यांचं बोट होतं. एका फोटोत मुख्याध्यापिका होत्या, पण कपाळापासून वर. हे सगळं फोटोवाल्या नाटेकरांनी धुऊन दिलं आणि देताना चुकून बोलून गेले, "बाई, मी रविवारी सकाळी फोटोग्राफीचा क्लास घेतो. येताय का?"

त्या वाक्याचा नाटेकरांना पुढे आयुष्यभर पश्चात्ताप झाला असावा.

क्लासला बाई मला घेऊन गेल्या. मी नुकतीच बी. ए. होऊन घरी बसले होते, म्हणजे लग्न जमायची वाट बघत होते. "घरात बसून काय अंडी उबवत्येस? चल," म्हणाल्या. नाटेकरांचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिच्या मागच्या भिंतीवर रंगवलेलं निळंशार तळं, तळ्यात हंस. त्या हंसाची मान जरा जास्तच लांब झाली होती. नाटेकर स्वतः बारीक, भित्रे, एका इंग्रजी पुस्तकावरून शिकवायचे. समोर कुंदाताई बसल्या आणि पाच मिनिटांत कोण शिकवतंय आणि कोण शिकतंय हेच कळेना.

"मुख्य विषय चौकटीच्या मधोमध ठेवू नये," नाटेकर म्हणाले. "चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन भाग पाडावेत. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे विषय ठेवावा."

"का?"

"असं पुस्तकात दिलंय, बाई."

"पुस्तकात पृथ्वी सपाट दिली असती तर सपाट मानली असतीत? कारण सांगा. येत नसेल तर खाली बसा."

नाटेकर खरंच खाली बसले. मग स्वतःचाच स्टुडिओ आहे हे आठवून उठले आणि घाम पुसत म्हणाले, "मधे ठेवलं की बघणाऱ्याचा डोळा तिथंच बसून राहतो. बाजूला ठेवलं की डोळा सगळीकडे फिरून येतो."

कुंदाताईंचा चेहरा उजळला. "हां! हे पटलं. डोळा फिरला पाहिजे. बसून राहिलेला डोळा काय कामाचा?"

त्या दिवसापासून 'डोळा फिरला पाहिजे' हा त्यांचा मंत्र झाला. नाटेकरांनी पुढे एकेक नियम सांगितला आणि बाईंनी तो एकेक करून रत्नागिरीवर सोडला. माणसाच्या मागे काय आहे ते आधी बघावं, डोक्यातून खांब किंवा माड उगवता कामा नये. झालं, त्या लोकांना रस्त्यात थांबवून सांगायला लागल्या, "तुमच्या डोक्यातून दिव्याचा खांब आलाय हो, एक पाऊल पुढे व्हा." लोक घाबरून डोकं चाचपायचे. माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला मोकळी जागा सोडावी. हा नियम शिकल्यावर त्यांनी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलींना दुसऱ्या बाकावर बसवलं, बघायला मोकळी जागा मिळावी म्हणून. क्षितिज सरळ असावं, हे ऐकून मात्र त्या चिडल्या.

"हे सांगायला लागतं? क्षितिज वाकडं काढणारा माणूस शिकलाय कुठे?"

"बाई, तुमच्या पहिल्या रोलमध्ये..." नाटेकर पुटपुटले.

"तेव्हा मी अडाणी होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याकडची पाणसळ आणली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली लाकडी पट्टी, आणि कॅमेऱ्यावर सुतळीनं बांधली. बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय त्या बटण दाबत नसत. तोवर समोरच्या माणसाचं हसू सुकून जायचं, लहान मूल असेल तर थोडं मोठं व्हायचं.

एक नियम मात्र त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला. "नकाशाला प्रमाण असतं की नाही? एका इंचाला अमुक मैल? तसं फोटोला माणूस पाहिजे. नाहीतर डोंगर केवढा, समुद्र केवढा, कळायचं कसं?" आणि घरी रिकामी बसलेली म्हणून माझी नेमणूक 'प्रमाण' या पदावर झाली. मिऱ्याच्या डोंगरापुढे मी उभी राहिले. दीपगृहापुढे राहिले. वाळत घातलेल्या जाळ्यांपुढे राहिले. सगळ्या फोटोंत मी मुंगीएवढी. आई म्हणायची, "कुंदाताई, ही कोण?" त्या म्हणायच्या, "प्रमाण."

मिरकरवाड्याच्या जेटीवर तर त्यांनी कहरच केला. जैनबी नावाची मासेवाली पाटीत पापलेटं मांडून बसली होती. बाईंनी चौकटीतून बघितलं आणि सरळ खाली बसून पापलेटं हलवायला सुरुवात केली.

"सगळी तोंडं एका बाजूला हवीत गो. आणि ती बघतायत तिकडे जागा सोड. ही कोलंबी मधे कशाला आली?"

"बाई," जैनबी म्हणाली, "मासली विकत घ्यायची हाय की तिला शाळेत बसवायची हाय?"

पण पाटी अशी देखणी दिसायला लागली की जाणारं गिऱ्हाईक थबकायचं. बाकीच्या बायकांच्या आधी जैनबीची पाटी रिकामी झाली. दुसऱ्या दिवसापासून बाई लांबून दिसल्या की जैनबीच हाक मारायची, "बाई, या हो, जरा मासल्यांचे वळण बघून जावा!" शेजारणी नाकं मुरडायच्या आणि हळूच आपल्या बांगड्यांची तोंडं एका बाजूला करायच्या.

आता देवाचं सांगते.

त्या वर्षी आमच्या गणपतीचं मखर सजवायला आईनं कुंदाताईंना बोलावलं. ही आईची चूक. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूर्ती आणायला चित्रशाळेत गेले होते. इकडे बाईंनी फार सुंदर मखर केलं. आंब्याच्या पानांचे टाळ, तेरड्याची फुलं, वर हिरव्या नारळांचे घोस. फक्त गणपतीचा पाट त्यांनी मखराच्या डाव्या अंगाला मांडला होता.

अण्णा डोक्यावर पाट आणि पाटावर गणपती घेऊन, मोरयाचा गजर करत दारात आले. आईनं त्यांच्या पायावर दूधपाणी घातलं. अण्णा मखरापाशी येऊन थांबले.

"पाट सरकलाय वाटतं कुणाच्या पायानं."

"सरकला नाही. तिथंच आहे त्याची जागा," कुंदाताई म्हणाल्या.

"मधे का नाही?"

"मधे ठेवला की डोळा बसून राहतो. बाजूला ठेवला की फिरून येतो."

"कुणाचा डोळा?"

"भक्तांचा."

"भक्तांचा डोळा काय इथं गाव फिरायला आलाय? तो बाप्पावर बसायलाच पाहिजे!" अण्णांचे हात थरथरायला लागले होते. शाडूची मूर्ती चांगलीच जड. "आणि उरलेल्या जागेत काय ठेवायचं?"

"काही नाही. बाप्पा तिकडे बघतायत ना? त्यांना बघायला मोकळी जागा नको?"

"ते आमच्याकडे बघायला आलेत, मोकळ्या जागेकडे नव्हे!"

झांजा वाजवणाऱ्या मुलांनी झांजा थांबवल्या होत्या. आई पदर तोंडात कोंबून हसत होती. शेवटी अण्णा काकुळतीला येऊन म्हणाले, "कुंदाताई, डोक्यावर मूर्ती घेऊन मला भांडता येत नाही. आत्ता मधे ठेवू द्या, मग काय ते सावकाश भांडू."

बाईंना ते न्याय्य वाटलं. पाट मधे गेला, मूर्ती बसली, आणि एकदा बसलेला गणपती विसर्जनापर्यंत हलवत नाहीत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. आरतीला त्या उभ्या होत्या, चौकटीतून पाहत होत्या. आरती संपल्यावर मोठ्या मनानं म्हणाल्या, "बरा दिसतो मधे. देवाचं वेगळं असतं." त्या दिवशी त्यांच्या वाक्यात देव आला.

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग माझ्या लग्नाचा विषय आला.

माझा एक फोटो आधीच फिरतीवर होता. नाटेकरांच्याच स्टुडिओतला. प्लॅस्टिकच्या फुलदाणीवर हात, चेहऱ्यावर कोणीतरी दात काढणार असल्यासारखा भाव, मागे ते तळं, आणि तो लांब मानेचा हंस बरोबर माझ्या डोक्यावर. चिपळूणचे भाऊकाका, अण्णांचे मामेभाऊ, हौसेनं स्थळं जमवायचे. त्यांनी तो फोटो जिल्हाभर हिंडवला. सगळीकडून परत आला. एका ठिकाणी विचारलं म्हणे, मुलगी टोपी घालते का?

आईच म्हणाली, "कुंदाताई, एवढा कॅमेरा आहे तुमच्याकडे. एक बरासा काढा पोरीचा."

कुंदाताई एरवी लगेच उठल्या असत्या. त्या दिवशी आधी हातातली चौकट उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "काढते. पण माझ्या पद्धतीनं."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही पांढऱ्या समुद्रावर, म्हणजे पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर, गेलो. मी आईचं जांभळं पातळ नेसलेली, तोंडाला पावडर, नाटेकरांकडे शिकलेला तो दातदुखीचा चेहरा तयार ठेवलेला. बाईंनी मला पाण्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः मागे मागे जायला लागल्या.

"पुरे ना बाई!"

"तू हलू नको!"

त्या गेल्या त्या गेल्याच. आधी त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं, मग फक्त हात हलताना दिसायला लागले. 'डावीकडे' की 'जा घरी', काही कळेना. एवढ्यात कुठूनसं एक तांबडं कुत्रं आलं. बाईंनी वाळूत नीट उभं राहता यावं म्हणून एक चप्पल काढून ठेवली होती. ती त्यानं उचलली आणि धूम ठोकली. बाईंचा डोळा कॅमेऱ्याला, बुडबुडा मध्यावर येत होता, त्यामुळे त्यांना हलता येईना. त्या एका पायावर, डोळा न काढता कुत्र्याला शिव्या देत होत्या, "ठेव मेल्या! ठेव म्हणते ना!" आणि कुत्रं माझ्या बाजूनं पाण्यात. मला हसू आवरेना. पातळाच्या निऱ्या भिजल्या, केस सुटले, मी पोट धरून वाकून हसत होते, आणि तेव्हाच त्यांनी बटण दाबलं.

फोटो आला. वर आकाश, खाली वाळू, मधे समुद्रच समुद्र. क्षितिज पट्टीनं आखल्यासारखं. अण्णांनी चष्मा लावला, मग भिंग आणलं.

"ही सुमन का?"

"ते कुत्रं," कुंदाताई म्हणाल्या. "सुमन इकडे, डावीकडे."

"हा जांभळा ठिपका?"

"ठिपका काय म्हणता! हसतेय बघा किती."

अण्णांनी भिंग खाली ठेवलं आणि 'दुसरा काढून आणा' एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात असताना भाऊकाका आले, चिपळूणची गाडी पकडायच्या घाईत, आणि कुंदाताईंनी गडग्यावरून हात लांबवून त्या फोटोच्या प्रती त्यांच्या पिशवीत टाकल्या. "हाच द्या. दुसरा नाही," म्हणाल्या. शाळेतल्या बाईंचा आवाज. भाऊकाकांनी मान डोलावली.

पंधरवड्यात उत्तरं यायला लागली. संगमेश्वरहून पोस्टकार्ड आलं: 'फोटो मिळाला. समुद्र पसंत आहे. मुलगी कळवावी.' मंडणगडच्या लोकांनी भाऊकाकांकडे चौकशी केली, की मुलीची उंची समुद्राच्या मानानं लक्षात येत नाही, तरी इंचांत सांगावी. खेडच्या एका गृहस्थांना एवढंच हवं होतं, की हा किनारा मुलीच्या वडिलांच्या नावावर आहे का?

मी आणि आई स्वयंपाकघरात पोट दुखेपर्यंत हसलो. अण्णा हसले नाहीत. ते गडग्यापाशी गेले. कुंदाताई पलीकडे कपडे वाळत घालत होत्या.

"तुमच्या ह्या कलेपायी माझी पोरगी घरात राहील!" अण्णा ओरडले.

"राहिली तर काय होतं?"

"काय होतं? तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

कुंदाताईंच्या हातात पिळलेली चादर होती. ती त्यांनी नीट झटकली, दोरीवर टाकली, दोन्ही टोकं सारखी केली आणि आत निघून गेल्या.

आईनं अण्णांना काय ऐकवलं ते सांगत नाही. अण्णा स्वतःच दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण माफी मागायची म्हणजे काय करायचं हे त्यांना कधीच जमलं नव्हतं. गडग्यावरून वाट्यांची ये-जा थांबली. कुंदाताई शाळेत जायच्या, यायच्या. हातात चौकट नसायची. आळीतली माणसं सवयीनं डावीकडे सरकायची आणि बाई बघतसुद्धा नाहीत म्हणून चुटपुटत उभी राहायची. खोतआजोबांनी तर एकदा मुद्दाम रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून पाहिली.

अशातच एका रविवारी सकाळी, काही न कळवता, चिपळूणहून एक तरुण त्याच्या आत्याला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. नाव श्रीधर. तिथल्या शाळेत गणित शिकवायचा. शर्टाच्या खिशात फोटो. आईची पळापळ झाली, पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला, मी मागच्या दारानं विहिरीवर तोंड धुवायला.

मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले तशी आत्याबाई सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाल्या, "म्हणजे आहे बाई मुलगी!"

अण्णा अजिजीनं म्हणाले, "तो फोटो जरा... आमच्या शेजारणीनं काढलेला. दुसरा दाखवतो."

"नको," श्रीधर म्हणाला. "हंसाचा ना? तो पाहिलाय." मग माझ्याकडे वळून, पण माझ्याकडे न बघता, म्हणाला, "एक विचारू? तुम्ही एवढ्या कशाला हसत होतात?"

आजवर आलेल्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं होतं, शिवण येतं का विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"कुत्र्यानं बाईंची चप्पल पळवली होती," मी म्हटलं.

"मग?"

"मग बाईंना हलता येईना. बुडबुडा मध्यावर येत होता."

"कसला बुडबुडा?"

मी सांगायला लागले. पाणसळ, हिरांची चौकट, पापलेटं, अण्णांच्या डोक्यावरचा गणपती. अण्णा आधी डोळे वटारत होते, गणपतीपाशी आले तेव्हा तेच पुढचं सांगायला लागले. आत्याबाई पोहे घशात अडकून खोकल्या. श्रीधर इतका हसला की त्याचा चष्मा बशीत पडला.

निघताना तो अण्णांना म्हणाला, "बाकीच्या फोटोंतल्या मुली सगळ्या माझ्याकडेच बघत असायच्या. मला घाम फुटायचा हो. हिला माझं काही पडलेलंच नव्हतं." आणि लाजून कान लाल करून वर म्हणाला, "माझ्याकडून होकार आहे. त्यांचं त्यांना विचारा."

मला विचारायची गरज नव्हती. मी गडग्यावरून उडी मारून केव्हाच पलीकडे पोचले होते.

कुंदाताई मागच्या पडवीत जमिनीवर बसल्या होत्या. ठेवणीतलं निळं लुगडं, केस नीट विंचरलेले, अंबाड्यात अबोलीचा गजरा. आमच्याकडची गडबड त्यांना ऐकू गेली असणार. त्या तयार होऊन बसल्या होत्या आणि त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"बाई, जमलं!" मी म्हटलं. "तुमच्या फोटोवरून जमलं!"

"हो का?" त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "हसतो का तो?"

"चष्मा पडेपर्यंत."

"मग चांगला आहे." त्यांनी अंबाड्यातला गजरा चाचपून नीट केला. मग एकदम, वर्गात शिकवताना असायचा तसल्याच सरळ आवाजात म्हणाल्या, "माझे पण काढले होते गो फोटो. वडील कोल्हापूरला घेऊन गेले होते मला. समोरून एक, बाजूनं एक, उंची कळावी म्हणून दाराला टेकून एक. सगळ्यांत मी मधोमध. कुठे कुठे जाऊन यायचे ते फोटो. वडील पाकीट उघडायचे आणि काही न बोलता कपाटात ठेवायचे."

मी त्यांच्या आणखी जवळ सरकले.

"एकदा एक परत आला, तो मीच उघडला. त्यावर कपाचा गोल उमटलेला. चहाच्या. बरोबर माझ्या तोंडावर. कुणीतरी माझ्यावर कप ठेवून चहा प्यायलं होतं." त्या हसल्या, खरोखरच हसल्या. "मुद्दाम नसेल केलं. टेबलावर पडला असेल, ठेवला कप. त्यानंतर मी वडिलांना सांगितलं, आता पुरे."

पडवीत गजऱ्याचा वास येत होता. पलीकडून आत्याबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

"तुझा काढताना मनात म्हटलं," कुंदाताई म्हणाल्या, "कुणाला कप ठेवायचाच असेल तर समुद्रावर ठेवू दे. माझ्या पोरीवर नाही."

मी त्यांच्या खांद्याला डोकं टेकून बसून राहिले. तेवढ्यात गडग्यापाशी कुणीतरी खाकरलं. अण्णा उभे होते. हातात पोह्यांची बशी, वर खोबरं भुरभुरलेलं, आणि चेहरा असा की बशीपेक्षा जड काहीतरी धरून उभे आहेत.

"कुंदाताई," ते म्हणाले. मग बशीतलं खोबरं बोटानं सारखं केलं. "पाहुणे थांबलेत. तुम्हाला भेटायचं म्हणतायत. आणि आम्हालाही... म्हणजे, या तुम्ही. तुमच्याशिवाय पुढचं बोलणं नको."

"आले हो," त्या म्हणाल्या.

पण लगेच उठल्या नाहीत. अण्णा तिथंच बशी धरून थांबले, आणि कुंदाताईंनी माझा हात आणखी थोडा वेळ तसाच घट्ट धरून ठेवला.